नंबर काढावा की नाही? चाळीस लाखांच्या आतल्या दुकानदारासाठी जीएसटीचा हिशेब

दिवाळीचा माल उतरून झाला की आमच्याकडं एक प्रश्न हमखास येतो. दुकानदार समोरच्या खुर्चीवर बसतो, चहा येईपर्यंत कापसाच्या भावाचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, "साहेब, नंबर काढून ठेवू का?" नंबर म्हणजे जीएसटीचा. त्याला नोटीस आलेली नसते, कुणी मागं लागलेलं नसतं. शेजारच्यानं काढला, नाहीतर मेव्हण्यानं सांगितलं की कर्ज लवकर होतं, एवढंच निमित्त असतं.

मी परभणीत छोट्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो आणि रिटर्न भरतो. नंबर काढला की मला वर्षभराची फी मिळते, म्हणजे हो म्हणण्यात माझा फायदाच आहे. तरीही आलेल्यातल्या बऱ्याच जणांना मी चहा पाजून परत पाठवतो. कारण एकच: त्यांचं गिऱ्हाईक बिल मागत नाही. तुमच्याकडून माल घेणारा स्वतः जीएसटीवाला असेल तर नंबर तुम्हाला पैसा देतो. तो गावातला साधा माणूस असेल तर तोच नंबर तुमच्या नफ्यातून पैसा नेतो. आता हे आकड्यांत बघू.

आधी बघा, हा निर्णय तुमच्या हातात आहे का

नुसत्या मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात एका आर्थिक वर्षात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. सेवा देणाऱ्याला मर्यादा २० लाखांची. गोची होते ती दोन्ही करणाऱ्याची. इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि फिटिंगचे पैसेही घेता, मोबाइल विकता आणि दुरुस्तीही करता, तर तुमची मर्यादा ४० नव्हे, २० लाख. दुकानाशेजारचा स्वतःचा गाळा दुसऱ्याला भाड्यानं दिलाय? तीही सेवाच. बँकेतल्या ठेवीचं व्याज मात्र या कारणासाठी आड येत नाही. आइस्क्रीम, पान मसाला, तंबाखूचा माल आणि विटा यांनाही ४० लाखांची सवलत नाही.

उलाढाल पॅननुसार मोजतात. एका पॅनवर सेलूत चपलांचं दुकान आणि मानवतला कटलरी असेल तर दोन्हींची बेरीज होते. करमाफ मालाची विक्रीही या बेरजेत येते, आणि मोंढ्यातली माणसं नेमकी इथंच चुकतात. सुटी तूर करमाफ आहे, सोयाबीनवर ५ टक्के आहे. नुसती तूर विकणाऱ्याला कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी लागत नाही. पण ३६ लाखांची तूर आणि ५ लाखांचं सोयाबीन विकलं की बेरीज ४१ लाख होते आणि सक्ती लागू होते. नुसत्या सोयाबीनचंच बघा. क्विंटलला साडेचार हजारांचा भाव धरला तर ४० लाख म्हणजे जेमतेम ८८९ क्विंटल, दहा टनी नऊ ट्रकसुद्धा भरत नाहीत. गावात खरेदी करून ऑइल मिलला माल घालणारा हा आकडा एका हंगामात ओलांडतो आणि त्याला पत्ताही नसतो. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानातला माल विकला तर त्यासाठी नोंदणी लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

सीमेवरच्या गावांनी पुढचं नीट वाचावं. देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरगा इथला व्यापार तेलंगण आणि कर्नाटकाशी जोडलेला आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल दहा हजारांची असो की दहा लाखांची, नोंदणी सक्तीची. उदगीरहून टेम्पोनं बिदरच्या दुकानदाराला माल पाठवला की ती आंतरराज्य विक्री झाली. बिदरचं साधं गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर येऊन, बिलावर पत्ता न लिहिता माल घेऊन गेलं तर ती विक्री महाराष्ट्रातलीच धरतात. सरकारनं यादी करून दिलेल्या हस्तकलेच्या आणि हातानं बनवलेल्या काही वस्तूंना राज्याबाहेर विकायलाही २० लाखांपर्यंत सूट आहे. तेव्हा पैठणच्या विणकरानं आपला माल त्या यादीत बसतो का ते आधी तपासून घ्यावं. सेवेचं मात्र सोपं आहे: २० लाखांच्या आत राज्याबाहेर सेवा दिली तरी सक्ती नाही.

ऑनलाइन कंपन्यांच्या ॲपवर माल विकायला पूर्वी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतला दुकानदार जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारानं नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यातल्या राज्यात विकू शकतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला चालेल, हैदराबादच्या नाही.

सक्ती लागू झाली की ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. न केल्यास दंड दहा हजार किंवा बुडवलेला कर, यातला जो जास्त असेल तो. या गटात असाल तर पुढचा हिशेब सोडा आणि सरळ अर्जाच्या भागाकडं वळा.

आठ दिवस वही ठेवा

निर्णय हातात आहे असं ठरलं तर लगेच काही करू नका. गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. आठ दिवस प्रत्येक विक्रीपुढं एकच खूण करा: गिऱ्हाइकानं जीएसटी बिल मागितलं की नाही. मागितलं असेल तर कोण होतं तेही लिहा. ठेकेदार, शाळा, कारखाना, दुसरा दुकानदार, काय असेल ते. उधारीची नावंसुद्धा याच वहीत येऊ द्या, कारण मोठं गिऱ्हाईक बहुतेक उधारीवालंच असतं.

आठव्या दिवशी बेरीज करा. विक्रीच्या रकमेतला तिसरा हिस्सा तरी बिल मागणाऱ्यांचा असेल तर पुढचा हिशेब करण्यासारखा आहे. शंभरात दोन-तीन जण मागत असतील तर त्या दोन-तिघांसाठी सगळ्या दुकानावर कर लावून घेण्यात अर्थ नाही. तिसरा हिस्सा हा काही कायद्यातला आकडा नाही, माझ्या अनुभवातला आहे.

आता आकडे

स्वेच्छेनं नंबर घेतला की कायद्याचं सगळं ओझं लागू होतं. ४० लाखांच्या आत आहे म्हणून पहिले ४० लाख माफ, असं काही नसतं. नंबर मिळाल्या दिवसापासून पहिल्या करपात्र रुपयावर कर.

पहिलं दुकान चपलांचं. जोडी अडीच हजारांच्या आतली, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ५ टक्के. वर्षाची खरेदी १४ लाख आणि त्यावर ७० हजार जीएसटी, एकूण १४ लाख ७० हजार. विक्री १८ लाख, सगळी गावातल्या माणसांना. नंबर नसताना गल्ल्यात उरतात ३ लाख ३० हजार.

नंबर काढला की काय होतं? बाजारात भाव वाढवता येत नाही, कारण शेजारचा त्याच भावात विकतोय. म्हणजे १८ लाखांतच कर धरावा लागतो. ५ टक्क्यांनी तो होतो ८५,७१४ रुपये. उरले १७,१४,२८६. त्यातून कर वगळून खरेदी १४ लाख वजा केली की नफा ३,१४,२८६. खरेदीवर भरलेल्या ७० हजारांची वजावट मिळाली, म्हणजे विक्रीच्या करातून तेवढे कमी भरायचे, तरी १५,७१४ रुपये गेलेच. वर माझी फी.

दुसरं दुकान इलेक्ट्रिकचं, माल १८ टक्क्यांचा: वायर, स्विच, पंखे. खरेदी १२ लाख, त्यावर कर २ लाख १६ हजार. विक्री तेवढीच, १८ लाख. नंबर नसताना नफा ३ लाख ८४ हजार. नंबर काढल्यावर १८ लाखांतला कर २,७४,५७६ आणि नफा ३,२५,४२४. वर्षाला ५८,५७६ रुपयांचा खड्डा. दर जितका जास्त आणि तुमचं मार्जिन जितकं मोठं, तितका हा खड्डा खोल होत जातो, कारण तुम्ही खरं तर मार्जिनवरचा कर भरत असता. एमआरपीचा माल विकणाऱ्याला तर वरून कर मागताच येत नाही. एमआरपीत तो आधीच धरलेला असतो.

तिसरं उदाहरण उलटं आहे. वाळूज एमआयडीसीतल्या कंपनीला पत्र्याचे ट्रे करून देणारा एक छोटा वर्कशॉपवाला धरा. पत्रा त्याचा स्वतःचा. कच्चा माल ८ लाखांचा आणि त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार कर. कंपनी ट्रेचे १४ लाख देते. नंबर नसेल तर मजुरीआधी त्याच्याकडं उरतात ४ लाख ५६ हजार. नंबर असेल तर तो १४ लाखांवर २ लाख ५२ हजार कर लावतो. कंपनी तो कर आपल्या करातून वजा करून घेते, त्यामुळं तिला ट्रे १४ लाखांतच पडतात. इकडं वर्कशॉपवाला पत्र्यावरचे १ लाख ४४ हजार वजा करून सरकारला १ लाख ८ हजार भरतो आणि त्याच्याकडं उरतात पूर्ण ६ लाख. म्हणजे १ लाख ४४ हजार जास्त. त्यातले चाळीस हजार भावात सोडले तरी तो नंबर नसलेल्या शेजाऱ्याची ऑर्डर उचलू शकतो.

या तिसऱ्या हिशेबात एक काटा आहे. कंपनी बिलाचे पैसे तीन महिन्यांनी देते, पण कर तुम्हाला ठरल्या तारखेलाच भरावा लागतो. एवढं खेळतं भांडवल आहे का ते बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा नियम आहे. तो न पाळणाऱ्या कंपनीला आयकरात ती खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. आणि पत्रा कंपनीचाच असेल, तुम्ही फक्त वेल्डिंग करून देत असाल, तर ते काम सेवेत मोडतं. मग मर्यादा २० लाखांची, हे विसरू नका.

आता तुमचे स्वतःचे आकडे घ्या. गेल्या वर्षीची खरेदीची बिलं काढा, कर आणि मूळ किंमत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. विक्री १८ टक्क्यांची असेल तर रकमेला ११८ नं भागून १८ नं गुणा. ५ टक्क्यांची असेल तर १०५ नं भागून ५ नं गुणा. तो आला विक्रीतला कर. त्यातून खरेदीवरचा कर वजा केला की दरवर्षी खिशातून काय जाणार ते कळतं. खरेदी बिनबिलाची असेल तर वजावट शून्य, आणि मग हा आकडा बघवत नाही.

कंपोझिशनची मधली वाट

दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशन योजना आहे. दुकानदाराला करपात्र विक्रीच्या १ टक्का, हॉटेल-खानावळीला ५ टक्के, सेवा देणाऱ्याला ५० लाखांपर्यंत ६ टक्के. हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. बिलावर आणि पाटीवर आपण कंपोझिशनमध्ये आहोत हे लिहावं लागतं. दर तिमाहीला एक चलनवजा विवरण आणि वर्षातून एक रिटर्न, एवढाच कागद.

वरच्या दोन दुकानांना ही योजना लावून बघा. दोघांनाही १८ हजार रुपये पडतात. इलेक्ट्रिकवाल्याला ५८ हजारांपुढं १८ हजार म्हणजे सुटकाच. चपलावाल्याला मात्र साध्या नोंदणीत १५,७१४ जात होते, कंपोझिशनमध्ये त्याहून जास्त जातात. ५ टक्क्यांच्या मालाला कंपोझिशन स्वस्तच पडतं हा मोंढ्यातला समज आहे, तो हिशेब न करता पसरलाय. किराण्यात सुटं धान्य-डाळ करमाफ असल्यानं तिथं १ टक्का फक्त करपात्र मालावर लागतो, तेवढा आकडा कमी होतो. आणि वाळूजच्या वर्कशॉपवाल्याला कंपोझिशन बिनकामाचं आहे, कारण त्याच्या बिलावर कंपनीला वजावटच मिळणार नाही.

जे खर्च कुणी सांगत नाही

दुकान भाड्याचं आहे आणि मालकाकडं जीएसटी नंबर नाही, असं आपल्याकडं सर्रास असतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा भाड्यावरचा १८ टक्के कर नोंदणीकृत भाडेकरूनं स्वतः भरायचा असतो. भाडं महिना ८ हजार असेल तर महिन्याला १,४४० रुपये. साध्या नोंदणीवाल्याला नंतर त्याची वजावट मिळते, पण आधी रोख भरावे लागतात. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे.

बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, देणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या भाड्याचंही तसंच. ट्रान्सपोर्टवाला स्वतः कर लावत नसेल तर ५ टक्के तुम्ही भरायचे. इथं कंपोझिशनवाल्यालाही सुटका नाही, आणि त्याला वजावटही नाही. गावातल्या टेम्पोवाल्याला बिल्टीशिवाय दिलेलं भाडं यात येत नाही. शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावरही हाच उलटा कर ५ टक्के आहे. जिनिंगला माल घालणाऱ्यांनी तो धरूनच भाव बोलावा.

याखेरीज व्यवसाय कराची नोंद मागं लागते, ती वर्षाला २,५०० रुपये. सल्लागाराची फी वेगळी. शिवाय प्रत्येक बिल क्रमानं फाडायचं, खरेदीचं बिल समोरच्यानं पोर्टलवर चढवलं की नाही ते बघायचं. त्यानं चढवलं नाही तर तुमची वजावट अडकते. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेली वजावट परत करावी लागते. उधारीवर चालणाऱ्या आपल्या भागात हा नियम चांगलाच टोचतो.

कर्ज, टेंडर, यूपीआय

"नंबर असला की कर्ज होतं" हे अर्धवट खरं आहे. मुद्रासारख्या छोट्या कर्जाला बँक आयकर रिटर्न आणि खात्यावरची उलाढाल बघते. ज्याला जीएसटीची सक्ती नाही त्याला उद्यम नोंदणीही नंबरशिवाय मिळते, फुकट मिळते. मोठी कॅश क्रेडिट हवी असेल तेव्हा जीएसटी रिटर्न नक्की कामाला येतात, पण त्यांत उलाढाल दिसली पाहिजे. कर्जासाठी नंबर काढून शून्याची रिटर्न भरली तर बँकेपुढं तुम्ही शून्यच दिसता.

एक प्रकरण माझ्या टेबलावर आलं होतं. एका एजंटनं "कर्जाला लागतो" म्हणून गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर काढून दिला आणि फी घेऊन गायब झाला. पोर्टलला मोबाइल नंबर एजंटाचाच. रिटर्न भरायची असतात हेच गिरणीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. विभागानं नंबर रद्द केला तेव्हा त्याचा संदेशही एजंटाच्याच फोनवर गेला. दोन वर्षांनी मुलाच्या धंद्यासाठी त्याच पॅनवर अर्ज करायला गेले तेव्हा जुनी थकलेली रिटर्न, लेट फी, सगळं वर आलं. कर एक रुपया नव्हता, फक्त उशीर होता. म्हणून सांगतो: मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच द्या, आणि आधारचा ओटीपी कुणालाही सांगू नका. दुसऱ्याच्या नावावर नंबर काढून त्यावर खोटी बिलं फाडणारे बाजारात आहेत.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, शाळा यांना माल द्यायचा असेल तर टेंडरमध्ये बहुतेक वेळा नंबर मागतातच. कृषी सेवा केंद्र टाकणाऱ्याला खत-औषधाच्या कंपन्या नंबरशिवाय एजन्सी द्यायला तयार नसतात. ही खरी कारणं आहेत.

यूपीआयची भीती मात्र निराळी. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात स्कॅनरवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, त्यांत दूध-भाजीवालेही होते, आणि आपल्याकडंही चुळबूळ झाली. स्कॅनर काढून टाकणं हा त्यावर इलाज नाही आणि घाबरून नंबर काढणं हाही नाही. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. करमाफ मालाची विक्री वेगळी लिहा. भावानं पाठवलेले, भिशीचे, उसने परत आलेले पैसे त्या खात्यात येऊ देऊ नका. मर्यादेच्या आत आहोत हे वहीवरून दाखवता आलं म्हणजे झालं. आणि एक: नंबर नसताना बिलावर जीएसटी लावणं गुन्हा आहे. चुकूनही लावू नका.

ठरलं असेल तर अर्ज

अर्ज जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर होतो आणि त्याला सरकारी फी नाही. कागद हे लागतील: पॅन, आधार, फोटो, स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि जागेचा पुरावा. जागा स्वतःची असेल तर मालमत्ता कराची पावती किंवा लाइट बिल. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चालतो. दुकान वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि त्यांच्या नावाचा पुरावा. भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या मालकीचा कोणताही एक कागद. अधिकाऱ्यांनी यापलीकडं फालतू कागद मागू नयेत अशा सूचना केंद्रानं १७ एप्रिल २०२५ ला काढल्या आहेत, त्या माहीत असू द्या.

अर्जाच्या पहिल्या भागात पॅन, मोबाइल, ई-मेल टाकले की तात्पुरता क्रमांक मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग भरायचा. नोंदणीचं कारण विचारतात तिथं ऐच्छिक हा पर्याय निवडा. कंपोझिशन हवं असेल तर इथंच सांगायचं, नाहीतर पुढच्या आर्थिक वर्षाची वाट बघावी लागते. मालाचे एचएसएन कोड (मालाच्या प्रकारानुसार ठरलेले आकडे) आपल्या खरेदीच्या बिलांवरूनच उतरवून घ्या. शेवटी आधारची पडताळणी करा, ती टाळू नका. टाळली तर अधिकारी जागा बघायला येतो आणि काम ३० दिवसांवर जातं. केली तर सहसा ७ कामाच्या दिवसांत होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक सोय आहे: नोंदणीकृत गिऱ्हाइकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल तर सोप्या पद्धतीनं ३ कामाच्या दिवसांत नंबर मिळतो. अधिकाऱ्यानं शंका काढली तर ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जातो.

नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, पुढं तुमचा पॅन. दारावरच्या पाटीवर तो लिहा, प्रमाणपत्र आत भिंतीला लावा.

पहिले ३० दिवस

यातलं एक काम लोक हमखास विसरतात आणि पैसे सोडतात. साध्या पद्धतीनं स्वेच्छेनं नोंदणी घेणाऱ्याला नोंदणी मिळण्याच्या आदल्या दिवशी दुकानात जो माल शिल्लक होता, त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते. त्यासाठी ३० दिवसांत आयटीसी-०१ हा फॉर्म भरावा लागतो. अट अशी की बिलं एक वर्षाच्या आतली हवीत. वर्कशॉपमध्ये दीड लाखांचा पत्रा पडला असेल तर २७ हजार रुपये परत मिळतात. मशिनवरच्या कराला ही सोय नाही. रक्कम २ लाखांच्या वर असेल तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून अर्ज करण्याआधीच शिल्लक मालाची यादी बिलांसकट तयार ठेवा. कंपोझिशनवाल्यांना हे लागू नाही.

बँक खातं पोर्टलवर ३० दिवसांत किंवा पहिल्या विक्री-विवरणाआधी, यातलं जे आधी येईल तोवर जोडा. बिलबुक नवं छापा, क्रमांक सलग हवेत. बिल मागत नसलेल्या साध्या गिऱ्हाइकाला २०० रुपयांच्या आतल्या विक्रीवर बिल फाडलं नाही तरी चालतं, दिवसाच्या शेवटी त्या सगळ्यांचं एकच बिल करा. माल हलवताना महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा पोर्टलवर काढलेला कागद, लागतं.

तारखा

५ कोटींच्या आतल्या साध्या नोंदणीवाल्यानं तिमाही पद्धत घ्यावी. तिमाही संपली की पुढच्या १३ तारखेला विक्रीचं विवरण, २२ तारखेला मुख्य रिटर्न. मधल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनानं. गिऱ्हाईक कंपनी असेल तर मधल्या महिन्यांतही १३ तारखेपर्यंत तिची बिलं चढवा, नाहीतर तिचा अकाउंटंट रोज फोन करेल आणि तुमचं पेमेंट अडेल. कंपोझिशनवाल्याला तिमाहीनंतर १८ तारीख आणि वार्षिक रिटर्नला ३० जून.

विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच. शून्याच्या रिटर्नला रोज २० रुपये लेट फी, एका रिटर्नला कमाल ५००. विक्री असेल तर रोज ५० आणि दीड कोटीच्या आतल्याला कमाल २,०००. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. सलग दोन तिमाही चुकल्या की विभाग नंबर रद्द करू शकतो. तीन वर्षांहून जुनी रिटर्न तर आता पोर्टल स्वीकारतच नाही.

बाहेर पडायचं असेल तर

हिशेब चुकला, बिलवालं गिऱ्हाईक तुटलं, धंदा बसला, तर नंबर परत करता येतो. पूर्वी स्वेच्छेनं घेतलेला नंबर एक वर्षाच्या आत सोडता येत नव्हता, ती अट २०१८ मध्ये गेली. मागची सगळी रिटर्न भरा, रद्द करण्याचा अर्ज करा आणि त्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावर घेतलेली वजावट परत भरा. रद्द झाल्याचा आदेश आला की तीन महिन्यांत अंतिम रिटर्न भरायचं असतं. ते नव्वद टक्के लोकांच्या डोक्यातून निघून जातं, आणि त्याची लेट फी रोज २०० रुपये, दहा हजारांपर्यंत. पाटीवरचा नंबर खरवडून काढा, जुनी बिलबुकं वापरू नका. वह्या आणि बिलं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, तेव्हा ती बारदान्यात बांधून माळ्यावर टाकण्याआधी उंदरांचा बंदोबस्त करा. गेल्या उन्हाळ्यात एकानं माझ्यासमोर असं पोतं सोडलं, तर आत बिलांचा भुगा आणि पिल्लांचं घरटं निघालं होतं.